चेसिस वाकलेला सेंटर हाफ

माझ्या पुतणीला बघायला मुलगा आला होता. चहा झाला, ओळखी झाल्या, आणि तेवढ्यात शेजारचे नाना खैरनार सोफ्यावरून उठले. त्यांनी मुलाभोवती एक पूर्ण चक्कर मारली. खाली वाकून त्याच्या गुडघ्यावर दोन बोटांनी टकटक केलं, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बॉडी ठीक आहे. पण मागून ठोकलाय."

त्या मुलाचं लग्न आधी एकदा साखरपुडा होऊन मोडलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. पण तो मुद्दाच नाही. घरात पाहुणे बसलेले असताना शेजाऱ्याने उठून असं बोलावं का? माझी बायको त्या दिवशी रडली. मी नानांना जिन्यात गाठून जे बोलायचं ते बोललो, तर म्हणतात, "विलास, रंग मारलेल्या गाडीला नवी म्हणायचं पाप मी करणार नाही." मी काय त्यांना गाडी विकत घ्यायला बोलावलं होतं?

नाना विमा कंपनीचे सर्व्हेअर होते. म्हणजे ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान किती ते ठरवायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाड्या सुटल्या आणि माणसं तावडीत सापडली. गल्लीतला एकही माणूस असा नाही ज्याला नानांनी भंगारात काढला नाही. नवीन सुनेला म्हणाले, "मायलेज चांगलं देईल." कुलकर्णी मास्तर दवाखान्यातून बरे होऊन घरी आले, तर त्यांच्या दारात उभं राहून म्हणाले, "इंजिन उघडलं की पहिल्यासारखं बसत नाही." मास्तरांच्या बायकोने दार लावून घेतलं. आणि मी? "तुझ्यावर घसारा फार धरावा लागेल, विलास." वस्तू जुनी होत जाते तशी तिची किंमत दर वर्षी थोडी कमी धरतात, तो घसारा. हे मला, माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

एवढं असूनही मी त्या माणसाशी संबंध ठेवला, याला कारण हॉकी.

आमच्या नाशकात चार क्लबांची एक लीग आहे. टर्फ नाही, प्रेक्षक नाहीत, बक्षीस म्हणून एक ढाल आहे आणि तिचंही एक टोक तुटलंय. पण खेळणारे जिवावर उदार होऊन खेळतात. आम्ही सिडकोवाले. मी गोलकीपर आणि नाना आमचे मॅनेजर.

या लीगमध्ये खेळाडू विकत मिळत नाहीत, बदलून मिळतात. माणसाला माणूस. हंगामाच्या आधीच्या रविवारी चारही मॅनेजर मैदानावर बसतात आणि आपापल्या खेळाडूंची प्रत तोंडाने सांगतात. पहिली, दुसरी किंवा तिसरी. दुसऱ्या क्लबाने त्याच प्रतीचा आपला माणूस पुढे केला, की नाही म्हणता येत नाही. सूर्य मावळला की बदली बंद. आपल्या खेळाडूची प्रत चुकीची सांगितली असं एखाद्या मॅनेजरला वाटलं, तर ती सूर्य मावळायच्या आत बदलता येते, पण सगळ्यांसमोर उभं राहून आणि का चुकली ते सांगून. दोन मॅनेजरांनी स्टिकला स्टिक लावली की झालं काम.

आता तुम्हीच विचार करा. शहाणा मॅनेजर काय करील? आपला माणूस चढवून सांगील, म्हणजे बदल्यात दुसऱ्याचा खरा चांगला मिळतो. सगळे तेच करतात. दुसऱ्या एका क्लबाचा राइट आउट, म्हणजे उजव्या कडेने पळायचं ज्याचं काम, मी बघितलाय, त्याला पळताना धाप लागते म्हणून तो चालतो, आणि त्याची प्रत पहिली. फक्त आमचे नाना उलटे. त्यांनी आमच्या समीरला दर वर्षी तिसरी प्रत दिली.

समीर शेख येवल्याचा. घरी पैठणीचा माग, वडील आणि मोठा भाऊ मागावर बसतात. हा सातपूरला कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून आला आणि नानांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहिला. नाना एकटे. बायको वारली, मूलबाळ नाही. पहिल्या महिन्यात समीर वर स्वयंपाक करायचा, नाना खाली. दुसऱ्या महिन्यात समीर खालीच दोघांचं करायला लागला, कारण नानांची भाजी त्याला वरपर्यंत वास मारायची. नानांनी त्याच्या हातात स्टिक दिली आणि त्याला सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारा, केला.

आणि काय खेळायचा तो. मी गोलमध्ये उभा राहून त्याची पाठ बघत आलोय, मला विचारा. समोरून तिघे आले तरी बॉल त्याच्याकडेच राहायचा. असा माणूस आमच्या लीगमध्ये दुसरा नव्हता. आणि नाना दर हंगामाला उभे राहून सांगायचे, "समीर शेख, तिसरी प्रत. बॉडी बघून भुलू नका. चेसिस वाकलीय. डावा गुडघा आतून गेलाय. यंदा टिकला तर नशीब."

बाकीच्या मॅनेजरांचा नानांच्या नजरेवर विश्वास. ज्याने जन्मभर दाबलेल्या पत्र्यावर हात फिरवून आतला डेंट सांगितला, तो गुडघ्याबद्दल खोटं कशाला बोलेल? त्यामुळे समीरला कुणी कधी मागितला नाही.

वाईट म्हणजे समीरनेही विश्वास ठेवला. तो डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून खेळायचा. जिना उतरताना कठड्याला धरायचा. नाना रोज रात्री त्याला तेल गरम करून द्यायचे, "चोळ, चोळ, आपली गाडी जपून चालवायची." आणि हा पंचविशीतला पोरगा म्हाताऱ्यासारखा गुडघा चोळत बसायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, डॉक्टरला दाखव ना." तर म्हणतो, "नाना बघत्यात ना. त्यांच्यापेक्षा डॉक्टरला काय लय कळतंय?"

यात खरं नुकसान कुठे होतं ते सांगतो. जिल्ह्याचा संघ निवडणारे लोक फक्त पहिल्या प्रतीच्या खेळाडूंचे सामने बघायला येतात. आणि समीरच्या कारखान्यात असं आहे की जिल्ह्याकडून खेळणाऱ्याला कायम करून घेतात. कंत्राटी माणसाला दर वर्षी धाकधूक, यंदा ठेवतात की काढतात. यंदा तर सुपरवायझरने सांगूनच टाकलं होतं की नवीन कंत्राट निघणार नाही. म्हणजे समीर जिल्ह्याला गेला तर कायम, नाहीतर येवल्याला परत, मागावर. भाऊ आणि वडील आधीच एका मागावर पाळी लावून बसतात, तिथे हा तिसरा कुठे बसणार?

हे सगळं नानांना माहीत होतं. मी त्या रविवारच्या आधी त्यांच्या घरी जाऊन स्पष्ट सांगितलं. "नाना, यंदा पहिली प्रत द्या त्याला. पोराची रोजीरोटी आहे." नाना पेपर वाचत होते. पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "गुडघा गेलाय त्याचा."

"कुणी सांगितलं? एक्स-रे काढलाय?"

"मी सांगतोय."

माझं डोकंच फिरलं. मी तो पेपर ओढून बाजूला टाकला आणि निघून आलो. रविवारी मैदानावर गेलो तो नानांचं तोंड बघायचं नाही असं ठरवूनच.

नानांनी आपलं पाठ केलेलं भाषण केलं. तिसरी प्रत, चेसिस, डावा गुडघा. समीर माझ्या शेजारी गवतावर बसला होता, खाली मान घालून पट्टा सारखा करत होता. मला वाटलं, झालं, यंदाचंही वर्ष गेलं.

पण गंगापूर रोडच्या क्लबाकडे यंदा नवीन मॅनेजर होत्या, देवरे मॅडम. फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे हातात घेऊन बसणारी बाई. त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मला समीर शेख पाहिजे. तिसऱ्या प्रतीला तिसरी प्रत. बोरस्ते, उभे राहा."

बोरस्ते उभा राहिला. त्याला वेळ लागला. हा त्यांचा फुलबॅक, माझ्याहून मोठा, पोट शर्टाच्या बाहेर, आणि मैदानात चहा आला की तेवढ्यापुरता धावणारा. ती प्रत मात्र अगदी खरी होती.

नाना हसले. "मॅडम, फसाल. आठ दिवसांत गॅरेजला लावावी लागेल तुमची गाडी."

"बघू की," मॅडम म्हणाल्या आणि समीरसमोर येऊन उकिडव्या बसल्या. "पट्टा सोड." त्यांनी गुडघा दाबला, वळवला, पाय सरळ केला, वाकवला. मग त्याला डाव्या एका पायावर उड्या मारायला लावल्या. मारल्या त्याने. उकिडवा बसवून एका पायावर उठायला लावलं. उठला. चारही क्लबांची माणसं गोल करून बघत होती.

"कधी दुखतो?" मॅडमनी विचारलं.

समीर विचारात पडला. "दुखतो म्हंजे... नाना म्हणत्यात..."

"नानांना नाही, तुला विचारते."

"नाय दुखत," समीर म्हणाला. स्वतःचं बोलणं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं पुन्हा म्हणाला, "कधीच नाय दुखला."

समीरने हातातला पट्टा बघितला, मग नानांकडे बघितलं. "नाना, तुमाला माहीत व्हतं?"

जो माणूस पाहुण्यांसमोर, दवाखान्यातून आलेल्या माणसासमोर, कुणासमोर कधी गप्प बसला नाही, तो त्या दिवशी गप्प बसला. यावरून काय समजायचं ते सगळे समजले.

आणि मग आमच्या पोरांना शुद्ध आली की समीर चाललाय. एकच गलका झाला. "नाना, प्रत बदला. पहिली करा. त्यांच्याकडे पहिल्या प्रतीचा असा कोण आहे द्यायला?" ऊन उतरलं होतं, पण सूर्य अजून होता. मीही ओरडलो. मला म्हाताऱ्याचा संताप आला होता, पण सेंटर हाफ जाऊन बोरस्ते येणार हे मला कसं चालेल? मी गोलकीपर आहे, मार मलाच खायचाय. "नाना, उभे राहा आणि सांगा, खोटं बोललो म्हणून. एवढं एकदा सांगा आणि ठेवून घ्या त्याला."

नाना उठले. तोंड उघडणार तेवढ्यात समीर म्हणाला, "आता नका बदलू."

आवाज चढवला नव्हता त्याने. "इतकी वर्षं तिसरा व्हतो ना, मग आज बी तिसराच ऱ्हाऊ द्या. मला जाऊ द्या, नाना."

नानांनी त्याच्याकडे बघितलं. मग आपली स्टिक उचलली, देवरे मॅडमसमोर गेले आणि त्यांच्या स्टिकला लावली.

आमच्या पोरांनी त्या दिवशी नानांना काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. मीही म्हटलं. मॅडमनी जागेवरच नव्या खेळाडूची प्रत पहिली करून टाकली. बोरस्ते आमच्या बाजूला येऊन बसला आणि चहा कधी येतो ते विचारू लागला.

समीरने त्याच आठवड्यात खोली सोडली. भांडी नानांची होती ती घासून, पालथी घालून ठेवली. भांडण नाही, शिवी नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं माझं मत. सामान रिक्षात चढवायला मीच होतो. नाना घराबाहेर आले नाहीत.

रिक्षा गेल्यावर मी आत गेलो. भांडायलाच गेलो होतो. नाना स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे होते. मी म्हटलं, "तुम्ही माणूस आहात की कोण? पोराच्या आयुष्याची वर्षं खाल्लीत. स्वतःच्या पायावर उभा असलेला पोरगा तुम्ही लंगडा केलात. का? काय मिळवलंत?"

"चांगला आहे म्हटलं असतं, तर गेला असता रे," नाना म्हणाले.

"गेला असता तर गेला असता."

"हो," नाना म्हणाले. "तुझ्याकडे बायको आहे, विलास."

एवढं बोलून त्यांनी गॅस पेटवला आणि त्यावर नुसतीच कढई ठेवली. मला दया आली का? आली. पण राग काडीने कमी झाला नाही, हेही सांगतो. एकटं राहणं कठीण असतं हे मान्य. म्हणून दुसऱ्याचा पाय बांधून ठेवायचा? मी गॅस बंद केला, रात्री घरून डबा पाठवला आणि त्यांच्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे सामन्यापुरतं सोडून.

सामना आलाच. गंगापूर रोडवाल्यांशी, त्यांच्याच मैदानावर. जिल्ह्याचे निवड करणारे दोघे खुर्च्या टाकून बसलेले. समीर पट्ट्याशिवाय खेळत होता, आणि काय सांगू, आधी आमच्याकडे खेळायचा तो अर्धाच खेळायचा हे मला त्या दिवशी कळलं. तरी आम्ही लढलो. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत एक-एक बरोबरी. आणि तिथे बोरस्तेने आमच्याच गोलसमोर, आत चाललेल्या बॉलवर पाय दिला. पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला.

पेनल्टी स्ट्रोक म्हणजे मारणारा एकटा आणि गोलकीपर एकटा. मारायला समीर आला. आत गेला तर निवड पक्की, चुकला तर त्या दोन खुर्च्यांवरचे लोक काय लिहून नेतील कोण जाणे. समीरने बॉल ठेवला.

इथे आमची एक लबाडी सांगायला हवी. स्ट्रोकच्या वेळी नाना गोलच्या जाळीमागे येऊन उभे राहायचे. मारणाऱ्याचा खांदा बघून त्यांना आधीच कळायचं बॉल कुठे जाणार. एकदा खोकले तर माझ्या उजवीकडे, दोनदा खोकले तर डावीकडे. इतक्या हंगामांत त्यांचा खोकला चुकला नव्हता. समीरला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो स्ट्रोकला नेहमी लांब मध्यावर असायचा. आणि या मारणाऱ्याला तर नानांनी स्वतः घडवलेला. मी मनात म्हटलं, म्हातारा कसाही असो, आज आपल्याला वाचवणार. मी समीरवर डोळे लावले आणि कान मागे ठेवले.

शिट्टी झाली. नाना एकदा खोकले.

मी सगळा जीव लावून उजवीकडे उडी घेतली. बॉल डावीकडून आत गेला.

मी मातीत पडलो होतो. पलीकडे गंगापूर रोडवाले समीरला उचलून नाचत होते आणि खुर्च्यांवरचे दोघे उठून त्याच्याकडे निघाले होते. मी मागे वळून बघितलं, तर नाना जाळीपाशी नव्हते. फाटकाकडे चालायला लागले होते.

सामना संपल्यावर मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. दुसरं कोण बसवणार होतं? टीममधलं कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. आणि मी बोलत होतो तो फक्त शिव्या द्यायला. "एकदा खोकलात तुम्ही. एकदा. दिसलं नाही का खांदा कुठे होता? अख्ख्या क्लबाला बुडवलंत. ढाल गेली यंदाची." गंगापूर रोडच्या सिग्नलला गाडी थांबवली तेव्हा मी मान वळवून म्हटलं, "आता तरी बोला काहीतरी."

"कसा मारला रे?" नानांनी विचारलं.

"तुम्ही मागेच उभे होतात की."

"खोकलो आणि डोळे मिटून घेतले," नाना म्हणाले. "बघवेना."

मी पुढे तोंड केलं. म्हणजे तो खोकला चुकून नव्हता. सिग्नल लाल होता. राग होताच, तो कुठे जातोय. पण सांगितलं. "पाऊल लहान टाकलं. खांदा खाली ठेवला. मनगट शेवटपर्यंत उघडलं नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात, पोस्टच्या आतून. मला कळलं असतं तरी अडवता आला नसता."

"आणि पाय?"

"डाव्या पायावर सगळा भार होता. घट्ट."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. नानांनी माझा खांदा दाबून धरला होता.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.